मुदत संपलेले वचन
(जुन्या परकीय नोटांच्या अदलाबदलीचा एक लहानसा अभ्यास)

— द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

गेल्या दिवाळीत घर झाडायला काढले तेव्हा माळ्यावरची आजोबांची पत्र्याची पेटी खाली आली. कांजूरमार्गच्या आमच्या दीड खोलीच्या घरात या पेटीला आजवर कोणी हात लावला नव्हता. आजोबांनी ती स्वतः उघडली. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत चार प्रकारचे पैसे होते. कुवेतच्या दहा दिनारच्या चार नोटा व पाच दिनारची एक. रिझर्व्ह बँकेचे नाव असलेली, पण कधी न पाहिलेल्या लाल रंगाची दहा रुपयांची एक नोट. पन्नास जर्मन मार्कांची तपकिरी नोट. आणि आजीने माहेराहून, म्हणजे सावंतवाडीजवळच्या बांद्याहून आणलेले सहा एस्कुदोंचे एक नाणे.

आजोबा म्हणाले, "बाय, तू आता कॉलेजात जातेस. अर्थशास्त्र शिकतेस. सांग बघू, याचे काय येतील?"

मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे विचारायलाही दुसरे कोणी नव्हते. घाटकोपरमधील एका मनी चेंजरच्या खिडकीपाशी गेले, तर आतल्या गृहस्थांनी नोटा हातात न घेताच, "हे चालत नाही, आठवण म्हणून ठेवा," असे सांगितले. एका बँकेतही तेच झाले. का चालत नाही, हे मात्र कोणी सांगितले नाही. त्या 'का'चा शोध घेण्याचा प्रयत्न म्हणजे प्रस्तुत लेख होय.

१. नोटेचा शेवट तीन पायऱ्यांनी होतो

सोन्याचांदीचे नाणे वितळवले तरी धातूची किंमत उरते. कागदी नोटेचे तसे नाही. नोट म्हणजे एक वचन आहे. आपल्या नोटेवर गव्हर्नरांच्या सहीने ते छापलेलेच असते. म्हणून जुन्या नोटेविषयी पहिला प्रश्न 'हिची किंमत किती?' हा नसून 'हे वचन कोणी दिले आणि ते अजून पाळले जाते का?' हा असतो.

'नोट बंद झाली' असे आपण सरसकट म्हणतो. पण या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे नोट चलनातून काढून घेणे. रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ रोजी दोन हजारांच्या नोटेबाबत असे केले. नोटा परत मागवण्यात आल्या, परंतु कायद्याच्या दृष्टीने ती नोट वैध चलन राहिली.

दुसरी पायरी म्हणजे वैध चलन हा दर्जा जाणे. मग दुकानदाराला ती नोट घेण्याची सक्ती नसते. पण जिने ती काढली ती बँक आपल्या खिडकीवर बदलून देते.

तिसरी पायरी म्हणजे बँकेची देणेदारीच संपणे. त्यानंतर नोट हा केवळ चित्र असलेला कागद उरतो. आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजारच्या जुन्या नोटा एकदम दुसऱ्या पायरीवर आल्या आणि २०१७ च्या कायद्याने त्यांविषयीची रिझर्व्ह बँकेची देणेदारीही संपवली. पन्नास दिवसांच्या त्या रांगा आपल्या आईवडिलांना चांगल्या आठवतात.

परकीय नोटेलाही हेच लागू आहे. फरक इतकाच, की वचन देणारा साता समुद्रापलीकडे असतो आणि त्याच्या मुदतीची जाहिरात आपल्या गल्लीत लागत नाही. पेटीतील चारही वस्तू या तीन पायऱ्यांवर ठेवून पाहू.

२. लाल दहाची नोट : आपलीच, तरी परकी

ही नोट आजोबांच्या चुलत्यांची. ते जहाजावर खलाशी होते. नोट भारताची, पण भारतात न चालणारी, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नाही.

पूर्वी कुवेत, बहारीन, कतार, ओमान आणि आज ज्यांना संयुक्त अरब अमिराती म्हणतात त्या सर्व प्रदेशांत भारतीय रुपयाच चालत असे. मुंबईशी असलेला जुना व्यापार हे त्याचे कारण. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर निर्बंध आले आणि चोरटा व्यापार वाढला. तस्कर इथले रुपये आखातात नेत व त्यांनी सोने विकत घेत. तेच रुपये तिथल्या बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे परत येत आणि त्यांच्या बदल्यात रिझर्व्ह बँकेला स्टर्लिंग म्हणजे परकीय चलन मोजावे लागे. थोडक्यात, मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या चोरट्या सोन्याचे पैसे देशाच्या गंगाजळीतून जात होते.

यावर उपाय म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाली व आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या. एक, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या या नोटांचे रंग निराळे होते आणि क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर होते. त्या फक्त भारताबाहेर वैध होत्या. त्यांना 'आखाती रुपया' असे नाव पडले. देशातला रुपया आखातात गेला तर ओळखू यावा आणि त्यावर परकीय चलन द्यावे लागू नये, असा यामागील हेतू.

पुढे एकेक देश बाहेर पडत गेला. कुवेतने १ एप्रिल १९६१ रोजी स्वतःचा दिनार सुरू केला. बहारीनने १९६५ साली तेच केले. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत ते साडेसात झाले. निर्णय दिल्लीत झाला, पण दुबईच्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यातील रुपयाही त्याच दिवशी घसरला. त्या वर्षीच कतार व दुबईने रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला.

आखातातील लोकांच्या दृष्टीने भारतीय रुपया ही 'जुनी परकीय नोट' ठरली. वचन देणारा दूर असला की त्याच्या घरचे निर्णय आपल्या खिशापर्यंत येतात. आज या लाल नोटेचे मोल आहे ते नाणी-नोटांच्या संग्राहकांकडे.

३. आजीचे नाणे : एस्कुदो

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत 'रुपिया' नावाचे चलन होते. १९५८-५९ च्या सुमारास पोर्तुगिजांनी ते बदलून एस्कुदो आणला. हिशोब असा, की एका रुपियाला सहा एस्कुदो. जानेवारी १९५९ च्या तारखेच्या नोटा ३०, ६०, १००, ३००, ६०० व १००० एस्कुदोंच्या आहेत. तीस, साठ, सहाशे असे आकडे का, याचे मला नवल वाटले. सहाने भागून पाहिले आणि उत्तर मिळाले. तीस म्हणजे पाच रुपिये, साठ म्हणजे दहा, सहाशे म्हणजे शंभर. सरकारने चलनाचे नाव बदलले, परंतु बाजारातील माणसाची मोजण्याची सवय त्याला बदलता आली नाही! आजीचे सहाचे नाणेही म्हणजे एक रुपियाच.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपया हे तेथील चलन झाले. आजीचे वय तेव्हा फार लहान होते. बाजाराला जाणाऱ्या तिच्या आजीच्या चंचीत हे एक नाणे राहून गेले, ते वाटणीत हिच्याकडे आले, असे ती सांगते.

येथे एक फसगत होण्यासारखी आहे. पोर्तुगालच्या मध्यवर्ती बँकेने युरोपातील एस्कुदोच्या शेवटच्या नोटा २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत बदलून दिल्या. मग गोव्याच्या नोटांचे काय? त्यांवर नाव होते 'बांको नासिओनाल उल्त्रामारिनो' या वेगळ्या, वसाहतींसाठी नोटा काढणाऱ्या बँकेचे. चलनाचे नाव एक असले तरी वचन देणारा वेगळा. नोट हातात घेताच चित्राआधी बँकेचे नाव वाचावे, हा धडा मला या नाण्याच्या निमित्ताने मिळाला.

याच बँकेत गोमंतकीयांनी दागिने गहाण ठेवले होते. मुक्तीपूर्वी ते लिस्बनला नेण्यात आले आणि परत येण्यास १९९१ साल उजाडले. राज्य बदलते तेव्हा कागदाचेच नव्हे तर सोन्याचेही वचन तीस वर्षे अडकून पडू शकते.

४. कुवेतचे दिनार

आता आजोबांच्या नोटांकडे येऊ. भांडुप-कांजूर पट्ट्यातील कारखान्यात ते फिटर होते. चांगल्या पगारासाठी १९८३ साली कुवेतला गेले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले तेव्हा ते तेथेच होते. बसने बगदादमार्गे जॉर्डनमध्ये, अम्मानच्या छावणीत काही दिवस, आणि तिथून विमानाने मुंबई. त्या दोन महिन्यांत सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना अशा रीतीने परत आणण्यात आले. एअर इंडियाच्या या कामगिरीविषयी आपण अभिमानाने बोलतो. पण त्या माणसांच्या खिशातील पैशांचे काय झाले, हे क्वचितच बोलले जाते.

आक्रमणापूर्वी एक कुवेती दिनार म्हणजे आपले सुमारे साठ रुपये. इराकने कुवेती दिनारची किंमत इराकी दिनारएवढी ठरवली. वास्तविक बाजारात इराकी दिनारला त्याच्या कितीतरी पट कमी भाव होता. पुढे इराकने कुवेती दिनार चलनातूनच काढून टाकला. कुवेतच्या मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीतील नोटाही लुटल्या गेल्या. त्यामुळे वचन देणारी बँक परदेशी आश्रयाला आणि तिच्या कोऱ्या नोटा शत्रूच्या हाती, अशी विचित्र अवस्था झाली. जगातील कोणताही सराफ त्या वेळी दिनार घ्यायला तयार होईना. आजोबा म्हणतात, "अम्मानला पाणी विकत घ्यायचे तरी दिनार कोणी घेईना. शेवटी मनगटावरचे घड्याळ दिले."

फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस कुवेत मुक्त झाला. परतलेल्या सरकारने २४ मार्च १९९१ रोजी नव्या नोटा काढल्या. लुटलेल्या नोटांच्या क्रमांकमालिका रद्द ठरवल्या आणि उरलेल्या जुन्या नोटा बदलून देण्याची व्यवस्था केली. ३० सप्टेंबर १९९१ नंतर ती जुनी मालिका वैध चलन राहिली नाही.

म्हणजे आजोबांच्या पंचेचाळीस दिनारांना, ते लुटीच्या मालिकेतील नसतील तर, काही महिन्यांची संधी होती. पंचेचाळीस दिनार म्हणजे त्या वेळचे सुमारे दोन हजार सातशे रुपये. तेव्हा आजोबांना नोकरी नव्हती आणि माझे वडील शाळेत होते. मी विचारले, "मग तुम्ही बदलून का नाही घेतले?" ते म्हणाले, "कोण सांगणार होते? आमच्या चाळीत आठ जण कुवेतहून आलेले. सगळ्यांना वाटे, देश परत उभा राहिला की नोट आपोआप चालेल. घाई कशाला?"

या उत्तराने मला विचारात पाडले. त्यांचा विश्वास खोटा नव्हता. देश खरोखरच परत उभा राहिला आणि त्याने वचनही पाळले, पण ठरलेल्या दिवसापर्यंत. आणि तो दिवस आमच्या चाळीत कोणालाच ठाऊक नव्हता.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगामार्फत, कुवेत सोडावे लागलेल्यांना ठरावीक रक्कम देण्याची योजना आली. तिचा अर्ज मात्र चाळीतील एका शिक्षकांनी सर्वांना भरून दिला आणि आजोबांनाही काही वर्षांनी ती रक्कम मिळाली. एकाच माणसाला एक हक्क मिळाला आणि दुसरा गेला. दोहोंत फरक फक्त माहितीचा होता.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. कुवेतने पाचव्या मालिकेच्या नोटांची वैधता १ ऑक्टोबर २०१५ रोजी संपवली आणि त्या बदलून घेण्याची अखेरची मुदत १८ एप्रिल २०२५ ही ठेवली होती. तीही आता उलटून गेली आहे.

५. पन्नास मार्क : जिवंत निघालेली नोट

ही नोट आजोबांना कुवेतमधील एका जर्मन अभियंत्याने निरोप घेताना दिली होती. मागे ल्युबेक शहराच्या जुन्या वेशीचे चित्र आहे. पेटीतील सर्वांत निरुपयोगी नोट हीच असणार, असे मला वाटले होते, कारण मार्क हे चलनच आता अस्तित्वात नाही. १ जानेवारी २००२ रोजी युरोपातील बारा देशांत युरोच्या नोटा आल्या आणि मार्क, फ्रँक, लिरा ही नावे इतिहासजमा झाली.

पण प्रत्येक देशाने जुन्या नोटांची मुदत आपापल्या कायद्याने ठरवली. फ्रान्सची मुदत १७ फेब्रुवारी २०१२ रोजी संपली, ग्रीसची १ मार्च २०१२ रोजी, स्पेनची ३० जून २०२१ रोजी. नेदरलँड्सच्या गिल्डर नोटांना १ जानेवारी २०३२ पर्यंत अवधी आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, आयर्लंड व बेल्जियम यांनी नोटांसाठी मुदतच ठेवलेली नाही. जर्मनीची मध्यवर्ती बँक १.९५५८३ मार्कांना एक युरो या कायम दराने आजही मार्क बदलून देते. आजोबांच्या पन्नास मार्कांचे २५ युरो ५६ सेंट होतात. अजूनही सुमारे १,२०० कोटी मार्क लोकांनी परत केलेले नाहीत, यावरून जगात किती पेट्या उघडायच्या राहिल्या आहेत याची कल्पना यावी.

इटलीचे उदाहरण याच्या नेमके उलट. तिथे लिरा बदलण्याची मुदत २८ फेब्रुवारी २०१२ पर्यंत होती. आर्थिक संकटात सापडलेल्या सरकारने ६ डिसेंबर २०११ रोजी ती अचानक संपवली. न बदललेल्या लिरांची रक्कम सरकारी तिजोरीत घ्यावी, हा त्यामागील उद्देश. तेथील घटनात्मक न्यायालयाने २०१५ साली हा निर्णय घटनाबाह्य ठरवला. परंतु त्याचा लाभ मिळाला तो मधल्या काळात बँकेकडे मागणी केल्याचा पुरावा असलेल्यांनाच. न बदललेली नोट हा सरकारचा फायदा असतो, ही गोष्ट यातून स्पष्ट होते. म्हणूनच मुदतीची दवंडी पिटण्याची घाई सरकारला नसते.

६. आपल्या घरी अशा नोटा असतील तर

मुंबईच्या उपनगरांत आखातात, जहाजांवर किंवा परदेशी कामाला गेलेल्यांची कुटुंबे पुष्कळ आहेत. माझ्यासारखा घोटाळा त्यांचा होऊ नये म्हणून थोडे व्यवहाराचे लिहिते.

मनी चेंजर फक्त तीच नोट घेतो जी त्याला पुढे विकता येते. त्याने नकार दिला म्हणजे नोट मेली असे समजू नये. ती दुसऱ्या पायरीवर असू शकते. नोटेवरील बँकेचे नाव, साल आणि मालिका टिपून घ्यावी व त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचा नियम पाहावा. बँक ऑफ इंग्लंड आपली कोणतीही जुनी नोट बदलून देते. वीस व पन्नास पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, तरी त्या फुकट गेलेल्या नाहीत. अमेरिकेच्या १८६१ पासूनच्या नोटा आजही वैध आहेत.

मोठ्या आकड्याला भुलू नये. तुर्कस्तानने २००५ साली चलनातील सहा शून्ये काढली. त्यामुळे पन्नास लाख लिरांची जुनी नोट म्हणजे नवे पाच लिरा, आणि तेही २०१५ अखेरपर्यंतच मिळत होते. अशी नोट कोणी स्वस्तात देऊ केली तर दूर राहावे.

कायद्याचेही भान हवे. आपल्याकडील नियमांनुसार निवासी व्यक्तीला रीतसर मिळालेल्या परकीय नोटा दोन हजार डॉलरच्या मर्यादेपर्यंत जवळ ठेवता येतात, नाण्यांना मर्यादा नाही. नोटा साध्या टपालाने परदेशी पाठवण्याच्या भानगडीत न पडता आधी परकीय चलनाचे काम पाहणाऱ्या बँक शाखेला विचारावे.

समारोप

पेटीचा हिशोब असा लागला. लाल दहाची नोट संग्राहकाची. नाणे आजीचे, ते विकायचे नाही. दिनार मेलेले. मार्क जिवंत.

वर्गात आम्ही शिकतो की पैशाच्या मुळाशी विश्वास असतो. या अभ्यासानंतर मला त्यात एक भर घालावीशी वाटते. विश्वास पुरेसा नाही, मुदत ठाऊक असावी लागते. आजोबांच्या चाळीतील आठही जणांचा कुवेतवर विश्वास होता. त्यांच्याजवळ नव्हते ते वर्तमानपत्रातील चार ओळी वाचून दाखवणारे माणूस. ज्याच्यापर्यंत मुदतीची बातमी पोहोचत नाही, त्याच्यापुरते वचन आधीच संपलेले असते. आपल्यापैकी अनेक जण घरातले पहिले शिकणारे आहेत. आपल्या पदवीचा काही उपयोग घरच्यांना व्हायचा असेल तर तो अशा चार ओळी वेळेवर वाचून दाखवण्यापासून सुरू व्हावा.

हे सारे मी आजोबांना सांगितले. त्यांनी दिनारच्या नोटा पुन्हा पिशवीत घातल्या आणि मार्कांची नोट माझ्या हातात दिली. म्हणाले, "हिला मुदत नाही म्हणतेस ना? मग ही तुझ्याकडे राहू दे. पण राहू दे म्हणून विसरू नकोस."

माझ्या या अल्प अभ्यासात काही उणिवा राहिल्या असतील तर प्राध्यापकांनी व मित्रमैत्रिणींनी त्या दाखवून द्याव्यात, ही विनंती.